तिसऱ्या हाकेची ठकूमावशी

ठकूमावशी सिनेमाला पाठ करून बसायची. कार्यालयभर माणसं पडद्याकडे तोंड करून बसलेली, आणि ही एकटी आपली खुर्ची उलटी फिरवून कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरपुढे, गुडघ्यांवर हात ठेवून, मान थोडी कलती करून. पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हातारीला अंधारात कळलं नसेल. मी वाकून म्हटलं, "मावशी, पडदा तिकडे आहे." तिनं मानसुद्धा वळवली नाही. "ठाव हाय. आंधळी न्हाई मी. तू सर बाजूला, वारा आडतुया तुज्यामुळं." मी चटकन बाजूला झाले. खिडक्यांना आम्हीच काळ्या ताडपत्र्या ठोकल्या होत्या, आत वाऱ्याची साधी झुळूक नव्हती. मग लक्षात आलं की ती सिनेमातल्या वाऱ्याबद्दल बोलत होती, आणि माझ्या अंगावर काटा आला.

हे कार्यालय म्हणजे मंगल कार्यालय, पौडच्या पुढे मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. आषाढात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून मालक ते आम्हाला एक दिवस फुकट द्यायचा. आम्ही म्हणजे हिंजवडीत नोकरी आणि मारुंजीत भाड्याची खोली असलेल्यांचं एक भटकं मंडळ. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी चंद्रपूरचं. आठवडाभर कंपनीची कॅब आणि शनिवार-रविवार डोंगर. वर्षभरात ज्यानं त्यानं डोंगरात, जंगलात, कड्याकपारीत जे काही कॅमेऱ्यात धरलं असेल त्याचे छोटे छोटे सिनेमे करायचे आणि आषाढातल्या एका रविवारी दुपारी ते गावकऱ्यांना आणि शहरातल्या मित्रमंडळींना दाखवायचे. त्यातून जी मदत गोळा होईल तिच्यातून डोंगरात हरवलेल्या, पडलेल्या माणसांना शोधायचं सामान घ्यायचं. दोर, स्ट्रेचर, हेल्मेट, असलं. नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या बाजूला सारून स्टेजवर पडदा लागायचा. वरची 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं मात्र कुणी कधी काढली नाहीत, त्यामुळे आमच्याकडे बिबट्यापासून बेडकापर्यंत सगळे शुभविवाहाखाली झळकायचे.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो मावशीच्याच घरधन्यापायी. वरच्या पठारावर धनगरांची एक वस्ती आहे, तिथली ती. शेळ्या, थोडी नाचणी-वरई, आणि पाऊस सरला की खाली बंगल्यांच्या बांधकामावर रोजंदारी. एका भाद्रपदात भरदुपारी पठारावर धुकं उतरलं, कळपातली एक शेळी मागं राहिली आणि नवरा तिला आणायला पुन्हा वर गेला. शेळी आपली आपण घरी आली. तो आला नाही. वस्तीनं शोधलं, पोलिसांनी शोधलं, आमच्या मंडळातली पोरंही गेली होती. पण कडा उतरायचा तर तेवढा लांब दोर कुणापाशीच नव्हता. काठावर पालथं पडून खाली धुक्यात बघायचं आणि हात हलवत परत यायचं, एवढंच झालं. त्याची चुटपुट सगळ्यांना लागली आणि त्यातून हा सिनेमांचा दिवस निघाला. पुढे लांब दोर आला, पण कडा काय चार हातांचा आहे? कुठून उतरायचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मी मंडळात आले ती त्यानंतर. मावशीची नि माझी ओळख झाली ती स्पीकरपाशीच. चहाच्या सुट्टीत तिनं मला विचारलं, "तू काय करतीस?" मी म्हटलं, "कंपनीत आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते." "म्हंजी सासूच की," ती म्हणाली. झालं, तेव्हापासून माझं नाव 'कंपनी'. "ए कंपनी, च्या आन. ए कंपनी, किती वाळलीस, गिळत न्हाईस का?" मी आदरानं 'तुम्ही' म्हणायला गेले तर म्हणाली, "तुमी तुमी काय लावलंय? मी काय तलाठी हाय व्हय?" लातूर सोडल्यापासून इतक्या हक्कानं मला कुणी दामटवलं नव्हतं. मला ती फार आवडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं जे आहे ते ऐकून लोक मला विचारतात की तुला त्या बाईची भीती नाही वाटली? वाटायची की. आवडायचीही आणि भीतीही वाटायची.

तिची दुसरी खोड म्हणजे ओ. हाक मारली तर ती ओ द्यायचीच नाही. मी पहिल्यांदा तिला आमंत्रण द्यायला वस्तीवर गेले, तेव्हा अलीकडच्या ओढ्यापाशी थांबून "मावशीऽऽ" अशी हाक मारली. ती मला समोर दिसत होती, दारात बसून वरई पाखडत होती. हाकेसरशी तिचा हातसुद्धा थबकला नाही. दुसरी हाक मारली. सूप चालूच. मला वाटलं, काय मेली शिष्ट बाई आहे! तिसऱ्या हाकेला मात्र एकदम तोंड फुललं, "ओऽऽ! ये की गं कंपनी!" वर जाऊन मी भांडलेच. कान गेले का तुझे, म्हटलं. तिनं सूप खाली ठेवलं. "डोंगरात पयल्या हाकंला ओ द्यायची नस्ती. दुसरीलाबी न्हाई. धुक्यात मान्सावानी हाक मारनारं काय काय असतंय. पर त्येला तिसरी जमत न्हाई. जितं मानूस तीनदा हाक मारतंय आन् जितं मानूस तिसरीलाच ओ देतंय. ही खूनगाठ हाय, बांध पदराला."

'त्येला' म्हणजे कुणाला, हे मी विचारलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. अख्ख्या वस्तीची हीच तऱ्हा. पहिल्या हाकेला ओ देणारं माणूस तिथं औषधाला सापडायचं नाही. लेकरंसुद्धा तिसऱ्या हाकेपर्यंत हूं की चूं करत नसत. तिच्या दिराकडे मोबाइल होता, तोही फोन तिसऱ्यांदा वाजल्यावरच उचलायचा. हळूहळू मलाही ते लागलं. ऑफिसात मॅनेजर मागून हाक मारायचा आणि मी आपली तिसरीची वाट बघत स्क्रीनकडे तोंड करून बसलेली. एकदा त्यानं मला बाजूला घेऊन कानाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं.

आता ती सिनेमा ऐकायला का यायची, ते सांगते. डोंगरातल्या प्रत्येक माणसाची लांबून साद घालायची आपली एक हाळी असते, आणि मावशीच्या नवऱ्यासारखी हाळी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची नव्हती. बायकोला नावानं हाक मारायची त्याला लाज वाटायची. तो दिवस कलला की पठाराच्या टोकावरून साद घालायचा, "घरचेऽऽ". म्हणजे घरची, माझ्या घरातली. ती ऐकली की मावशी चुलीवर तवा ठेवायची. तीही त्याचं नाव कधी घ्यायची नाही. पोलिसांनी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिनं दिराकडे बोट दाखवलं होतं. "तुमची पोरं समदा डोंगर तुडवत्यात क्यामेरा घिऊन," ती मला म्हणाली. "कुटं ना कुटं ह्यांची हाळी घावंल. मानूस दिसत न्हाई धुक्यात, पर हाळी लपत न्हाई."

इतकी वर्षं झाली, आता कुठली हाळी, असं ओठांवर आलं होतं. पण ती ज्या तऱ्हेनं बसून ऐकायची ना, ते बघितलं की बोलवत नसे. झरा आला की मान डावीकडे, पाखरू आलं की उजवीकडे. मध्येच एखाद्या सिनेमात सगळं शांत असताना हलकेच म्हणायची, "कुनीतरी हाय." आम्ही पडद्यावर बघायचो तर नुसतं रान. कार्यक्रम संपल्यावर दिवे लागले की सगळ्यांत आधी मी दरवाज्याकडे सटकायची, खोटं कशाला बोलू.

आमच्या मंडळातल्या सम्याशी तिचं अजिबात पटायचं नाही. सम्या म्हणजे दाढी, ड्रोन आणि गिटार. त्याच्या प्रत्येक सिनेमावर पहिल्यापासून शेवटपर्यंत संगीत. ड्रोनला आवाज टिपता येत नाही म्हणून ड्रोनवर संगीत, आणि सवय लागली म्हणून साध्या कॅमेऱ्यावरही संगीत. त्याचा सिनेमा लागला की मावशी कपाळावर आठ्या घालायची. "ए दाढी, ह्ये गानं कशापायी?" तो समजावून सांगायचा की मावशी, त्यानं वातावरण तयार होतं. "वातावरण आमच्याकडं मायंदाळ हाय," ती म्हणायची. "गानं म्हंजी गोधडी. तू गोधडी घालून ठिवतूस, मंग खाली कोन निजलंय त्ये मला कसं कळावं?" सगळे हसायचे, सम्याही हसायचा. मला त्या 'कोण निजलंय'चं हसू यायचं नाही.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला दारात बायकांना हळदीकुंकू लावायची पद्धत होती. वस्तीतलीच कुणीतरी सून ताट घेऊन उभी राहायची, आणि मावशीपाशी आली की तिचं बोट कुंकवात थबकायचं. लावावं की लावू नये? मागच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. मावशी दर वर्षी स्वतःच बोट बुडवून मोठं ठसठशीत कुंकू लावून घ्यायची. "आन हिकडं. ह्यो काय सरकारी शिक्का हाय, दुसऱ्यानं मारायला?" आणि ताठ मानेनं आत येऊन स्पीकरपुढे बसायची.

तिच्या दिराचं म्हणणं होतं की आता दर्भाचा पुतळा करून दिवस घालावेत. तो काही वाईट माणूस नव्हता. भावासाठी सगळ्यांत जास्त डोंगर त्यानंच तुडवला होता. एकदा चहाच्या वेळी माझ्यादेखतच तो तिला म्हणाला, "वयनी, दादाचा जीव मोकळा व्हऊ दे. ना हितं ना तितं, असा किती दिस लोंबकाळत ठिवायचा? धुकं उतरलं की शेरडं बुजत्यात आताशा. वस्तीला नख लागंल." मावशीनं कपातला चहा शांतपणे संपवला. "आन् उद्या ह्ये दारात हुबं राह्यलं मंग? त्यास्नी काय सांगू? तुमचं दिवस घातलं, आता माघारी जावा?" नवरा जिवंत म्हणून कुंकू ठेवायचं की गेला म्हणून पुसायचं, याचं उत्तर साऱ्या जगानं आपापलं ठरवून टाकलं होतं. तिला ते फक्त त्याच्याच तोंडून हवं होतं.

आणि मग त्या वर्षी सम्याचा पठारावरच्या फुलांचा सिनेमा लागला. आदल्या भाद्रपदात तो एकटाच धुक्यात फिरून आला होता, हातात साधा कॅमेरा घेऊन. शेवटच्या दृश्यात कड्याचं टोक होतं, सोनकीची पिवळी फुलं वाऱ्यावर हलत होती, पुढे सगळं पांढरं, आणि वर अर्थातच गिटार. सिनेमा संपला, टाळ्या सुरू झाल्या, आणि मावशी खुर्चीतून उठून उभी राहिली. "पुन्यांदा लाव." सम्या इतका खूश झाला! मावशीला शेवटी माझा सिनेमा आवडला, म्हणत त्यानं शेवटचा तुकडा पुन्हा लावला. ती स्पीकरला कान टेकवून उभी. तुकडा संपल्यावर म्हणाली, "आता गानं काढ."

सम्या आढेवेढे घ्यायला लागला. "गाणं काढलं तर उरतं काय मावशी त्यात?" "उरंल त्येच ऐकायचंय," ती म्हणाली. त्यानं लॅपटॉपवर संगीत बंद केलं आणि तुकडा तिसऱ्यांदा लावला. आता स्पीकरमधून नुसता वारा आला. गवतातून जाणाऱ्या सम्याच्या बुटांचा आवाज आला. तो थांबला. फुलं हलत होती. आणि फार लांबून, खालच्या अंगानं, वाऱ्यात मिसळून पण स्वच्छ, हाळी आली.

"घरचेऽऽ"

थोडा वेळ वाराच. मग पुन्हा, "घरचेऽऽ". आणि पडदा काळा झाला.

दीर भिंतीला धरून उभा राहिला होता. "दादाची हाळी हाय," तो म्हणाला, जवळजवळ पुटपुटलाच. सगळ्यांनी सम्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी एकटाच होतो तिथं," तो म्हणाला. "मला काहीही ऐकू आलं नव्हतं, शप्पथ. बॅटरी संपली म्हणून कॅमेरा बंद पडला, पुढचं काही नाहीये." मावशीनं ओ दिली नव्हती. पदराचं टोक दातात धरून ती काळ्या पडद्याकडे बघत होती. मी तिला पडद्याकडे बघताना पहिल्यांदाच पाहिलं. "दोनच झाल्या," ती म्हणाली. "तिसरी न्हाई झाली."

दुसऱ्या दिवशी कंपनीला दांडी मारून मी आणि सम्या वस्तीवर गेलो. सम्याच्या पाठीवर मंडळाचा लांब दोर होता. रात्रभर तो झोपला नव्हता. त्याचं एकच चाललं होतं की म्हातारा खाली कुठेतरी कपारीत जिवंत असणार, वेड लागलं असेल, वाट चुकला असेल, पण असणार. मलाही तसंच मानायचं होतं. मावशी, दीर आणि आम्ही दोघं असे चौघं पठार ओलांडून त्या टोकापाशी पोचलो. दुपार असावी, धुक्यात दुपार कळत नाही. हात लांब केला तर बोटं पुसट व्हायची. मावशी कड्यापासून थोडी अलीकडे गवतात मांडी घालून बसली आणि आम्हालाही बसवलं. "गप ऱ्हावा. तिसरी येऊ द्या."

किती वेळ बसलो कोण जाणे. कपडे ओले होऊन अंगाला चिकटले. एकदा खाली दगड घरंगळल्यासारखा वाटला, एकदा कुणीतरी खाकरल्यासारखं. सम्या प्रत्येक वेळी दचकून उठायचा आणि मावशी त्याला हातानं खाली बसवायची. तिसरी हाक आली नाही. शेवटी ती उठली, पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, डोक्यावरून पदर घेतला. "त्यास्नी जमंना," ती म्हणाली. "मंग मीच मारते. तीनदा मारते. जितं असलं तर तिसरीला ओ देतील." दिरानं घाबरून वर बघितलं. "वयनी, नाव घ्यावं लागंल." "घेते," ती म्हणाली.

तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले. लग्न झाल्यापासून जे नाव तिनं ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते तिनं सगळा जीव एकवटून धुक्यात सोडलं.

"म्हाळूऽऽ"

आणि हाक विरायच्या आत, आमच्या पायांखालच्या कड्यातून, "ओऽऽ".

सम्या उडालाच. "आहेत! मावशी, आहेत! जिवंत आहेत!" तो ओरडत पाठीवरचा दोर सोडायला लागला. मीही उठले होते. मला रडू फुटलं होतं आणि हसूही येत होतं. मग माझं लक्ष दिराकडे गेलं. त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला होता आणि तो ढसाढसा रडत होता. मावशीचे हात अजून तोंडाभोवती होते. तिनं ते सावकाश खाली घेतले.

"पयल्याच हाकंला दिली," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. त्या वस्तीतलं जिवंत माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. म्हाळूनं उभ्या आयुष्यात कधी दिली नसती. सम्या तोवर काठाकडे निघाला होता, तिनं झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं. "थांब लेकरा. तकडं आत्ता जाऊ नगंस. खालून बोलवतंय त्ये मानूस न्हाई." मग ती कड्याकडे तोंड करून उभी राहिली, पदराचं टोक घेतलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा पुसून निघालं नाही, ओल्या बोटानं पुन्हा पुसलं. "चला," ती म्हणाली. "लई दिस ताटकळत ठिवलं मी त्यास्नी." उतरताना अर्ध्या वाटेत तिचा बांध फुटला. मी तिला धरून बसले. मी आजवर कुणाला तसं रडताना ऐकलेलं नाही, आणि त्या रडण्यापेक्षा मला तिचं ते आधीचं शांत बोलणंच जास्त हादरवून गेलं.

पावसाळा सरून गवत वाळल्यावर आमची पोरं तो दोर बांधून तिथूनच खाली उतरली. पोलीसपाटील होते, दीर होता. टोकाच्या थेट खाली एका कपारीत घोंगडी सापडली, काठी सापडली आणि घोंगडीत तो सापडला. दिवस रीतसर झाले, पुतळ्याची गरज लागली नाही. सम्या अजून म्हणतो की त्या दिवशी आपण ऐकला तो प्रतिध्वनी होता. 'म्हाळू'मधला ऊ कड्यावर आपटला आणि परत येताना त्याचा ओ झाला. असेल बाबा. मग फुलांच्या सिनेमात 'घरचे' कुणी म्हटलं, असं मी त्याला विचारते आणि तो विषय बदलतो. संगीत मात्र त्यानं सोडलं ते सोडलंच.

पुढच्या आषाढात मावशी आली, मोकळ्या कपाळानं. दारात ताट घेतलेल्या सुनेला तिनंच सांगितलं, "जा फुडं, आता इचार करू नगंस." आत येऊन नेहमीच्या खुर्चीपाशी गेली, खुर्ची उचलली आणि पडद्याकडे तोंड करून ठेवली. पहिलाच सिनेमा ड्रोनचा होता, आवाजाविना. तिचं पठार वरून दिसत होतं, वस्ती, ओढा, लांबवर धरणाचं पाणी. ती आ वासून बघत राहिली. "अगं बया! ह्ये असं हाय व्हय आमचं?" मग दिसेल त्या गोष्टीवर बोट ठेवून ती मोठ्यानं नावं सांगत सुटली, ते माजं घर, ती रामूची शेरडं, त्यो बग गाढवावानी हुबा हाय त्यो माजा दीर. मागच्या रांगेतले पुण्याचे पाहुणे शूऽऽ शूऽऽ करत होते. तिनं वळून त्यांना सुनावलं, "शू काय करताय? इतकी वरसं गपच बसले की मी!"

तसे दोन आषाढ मिळाले. मागच्या थंडीत तिला ताप आला, पौडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी ऑफिसातून परस्पर गेले, तर खाटेवर पार मूठभर झालेली. तरी मला बघून म्हणाली, "आली का कंपनी. च्या आनलास का?" मी तिचा हात धरून बसले. निघताना तिनं मला जवळ बोलावलं. "माज्या माघारी डोंगरात मला हाक मारू नगंस हां. सवय हाय तुला वढ्यापाशी वरडायची. मी भोळी हाय. मला तुजी लई माया. पयलीलाच ओ दिईन." असं म्हणून ती हसली, दात नसलेलं, सगळ्या तोंडानं. मीही हसले. दोन दिवसांनी ती गेली.

यंदा आषाढ लागला तसं दिराला आमंत्रण द्यायला मी वस्तीवर गेले. पठारावर धुकं होतं. डोक्यात ऑफिसचंच काहीतरी चाललं होतं, पाय आपले वाटेनं जात होते, आणि ओढ्यापाशी पाय थांबले तसं तोंडही उघडलं. "मावशीऽऽ" अशी हाक मी मारून बसले, नेहमीसारखी, तोंडभरून. मग आठवलं. मी दोन्ही कान गच्च दाबले आणि तिथंच ओल्या दगडांवर खाली बसले. कान दाबून बसायची लाज वाटत होती, कारण तिचा आवाज ऐकायला मी कितीदा तरी तळमळले आहे. पण हात काही निघाले नाहीत. बऱ्याच वेळानं निघाले तेव्हा नुसता ओढा वाजत होता. ओ आली होती की नाही, मला माहीत नाही. दुसरी हाक मी मारली नाही.